पाण्यातील विष मोडणारी वीज : थंड प्लाझ्मा आणि आपली विहीर



गढूळ पाणी तुरटी फिरवून निवळता येते. जंतू असलेले पाणी उकळून किंवा ब्लीचिंग पावडर टाकून पिण्याजोगे करता येते. परंतु कपाशीवर मारलेले कीटकनाशक, रंगकामातील रंग किंवा आसवनीच्या सांडपाण्यातील तपकिरी द्रव्य एकदा पाण्यात विरघळले की या घरगुती उपायांपैकी एकही कामी येत नाही. ते फडक्यात अडकत नाही, तुरटीने तळाशी पुरेसे बसत नाही आणि पाणी उकळल्याने नाहीसे होईल याचाही भरवसा नसतो.

अशा पाण्यासाठी अलीकडे ‘थंड प्लाझ्मा’ हे नाव वर्तमानपत्रांत आणि कृषी प्रदर्शनांत ऐकू येऊ लागले आहे. विजेच्या साहाय्याने पाण्यातील विषारी सेंद्रिय पदार्थ मुळापासून मोडून टाकणारी ही पद्धत आहे. बीड जिल्ह्यात एकीकडे कपाशीचे कोरडवाहू क्षेत्र, तर दुसरीकडे माजलगाव व गेवराई भागात उसाचे बागायती क्षेत्र आहे, आणि दोन्हीकडे विहीर हाच मोठा आधार. तेव्हा “हे यंत्र आमच्या विहिरीवर बसेल काय?” असा प्रश्न पडणे साहजिक आहे. याचे उत्तर प्रथमच सांगून टाकतो. पद्धत खरी आहे, पण तिची जागा विहिरीवर नाही. असे का, ते समजून घेतल्यास पैसे वाचतील आणि कदाचित विहीरही वाचेल.

प्लाझ्मा म्हणजे काय?

घन, द्रव आणि वायू या पदार्थाच्या तीन अवस्था आपण शाळेत शिकलो. वायूला भरपूर ऊर्जा दिली की त्याच्या अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि विजेचा प्रवाह वाहून नेणारा, बहुधा चमकणारा वायू तयार होतो. ही चौथी अवस्था. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युअर यांनी १९२८ मध्ये तिला प्लाझ्मा हे नाव दिले. आकाशातील वीज हा प्लाझ्माच आहे. वेल्डिंगची ठिणगी हाही प्लाझ्माच. हे दोन्ही अतिशय तप्त असतात.

थंड प्लाझ्मा मात्र घरातच सापडतो. पट्टी आणि चोक असलेली जुन्या पद्धतीची ट्यूबलाइट पेटली की तिच्या आतील वायू प्लाझ्मा होतो. (हल्लीच्या एलईडी नळीत तसे काही नसते.) त्यातील इलेक्ट्रॉनांचे तापमान सुमारे १० हजार अंश असते, तरी नळीला हात लावला तर ती जेमतेम कोमट लागते. इलेक्ट्रॉन अत्यंत हलका, आणि वायूचा अणू त्याच्या हजारो पट जड. गोटी वरवंट्यावर आपटली तर गोटी उडते, वरवंटा हलत नाही; तसेच येथे होते. इलेक्ट्रॉन वेगाने धावत राहतात, पण त्यांची उष्णता वायूला फारशी मिळत नाही. वीज पाणी तापविण्यात खर्च न होता रासायनिक बंध तोडण्यात खर्च व्हावी, हाच या युक्तीचा हेतू.

असा प्लाझ्मा बनविण्याची एक पद्धत फार जुनी आहे. धातूचे दोन पत्रे किंवा नळ्या घ्यायच्या, मध्ये काच आणि थोडी पोकळी ठेवायची आणि काही हजार व्होल्टचा उलटसुलट दाब द्यायचा. काच मध्ये असल्यामुळे मोठी ठिणगी पडत नाही. पोकळीत जांभळट रंगाचे बारीक धागे चमकत राहतात. जर्मनीतील वेर्नर सीमेन्स यांनी १८५७ मध्ये हवेतून ओझोन वायू तयार करण्यासाठी ही रचना केली. फ्रान्समधील नीस शहरात १९०६ पासून पिण्याच्या पाण्यासाठी ओझोनचा वापर सुरू झाला. म्हणजे यातले निम्मे शास्त्र शंभर वर्षांहून जुने आहे. नवीन आहे ते एवढेच की, वायू वेगळा बनवून पाण्यात सोडण्याऐवजी आता प्लाझ्माच पाण्याच्या अंगाशी आणला जातो.

विष मोडते कसे?

वेगवान इलेक्ट्रॉन पाण्याच्या वाफेच्या कणावर आदळला की त्याचे दोन तुकडे होतात. एक हायड्रोजन आणि दुसरा हायड्रॉक्सिल. हा हायड्रॉक्सिल अत्यंत आक्रमक असतो. पदार्थाचे ऑक्सिडीकरण करण्याची ताकद व्होल्टमध्ये मोजतात. पाण्यात टाकतो त्या क्लोरीनची ताकद १.३६, ओझोनची २.०७ आणि हायड्रॉक्सिलची २.८० व्होल्ट आहे. समोर कीटकनाशक आहे की रंग आहे, हे तो पाहत नाही. सापडेल त्या सेंद्रिय कणाचा लचका तोडतो. काम शेवटपर्यंत गेले तर त्यातील कर्बाचा कार्बन डाय-ऑक्साइड, स्फुरदाचा फॉस्फेट, गंधकाचा सल्फेट आणि क्लोरीनचा साधा क्लोराइड होतो. सोबत ओझोन, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील किरणही तयार होतात व हातभार लावतात.

अडचण अशी की हायड्रॉक्सिलचे आयुष्य पाण्यात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकेही नसते. तो साठवता येत नाही, बाटलीत भरता येत नाही, पाइपातून दूर नेता येत नाही. जेथे विष आहे तेथेच तो जन्मला पाहिजे. म्हणून चांगल्या यंत्रात पाण्याचे बारीक थेंब किंवा पातळ पापुद्रा करून ते प्लाझ्मातून नेतात. विजेच्या एका युनिटात किती विष मोडते, यात एका रचनेच्या यंत्रात आणि दुसऱ्या रचनेच्या यंत्रात हजारो पट फरक पडू शकतो. ‘प्लाझ्माचे यंत्र’ एवढ्या नावावरून म्हणूनच काही कळत नाही.

आता यातून काय होत नाही, तेही पाहू. फ्लोराइड, शिसे, आर्सेनिक ही मूलद्रव्ये आहेत. ती मोडत नाहीत. क्षार कमी होत नाहीत. नायट्रेटही जात नाही. उलट हवेत प्लाझ्मा केला तर हवेतील नत्रापासून आम्ले तयार होऊन पाण्यात नायट्रेटची भर पडते आणि सामू खाली येतो. मराठवाड्यातील अनेक विहिरींचे दुखणे नायट्रेट हे असते, तर बीड जिल्ह्यात काही ठिकाणी फ्लोराइड हे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा आणि फ्लोराइड जास्तीत जास्त १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. ज्यांच्या विहिरीत हे दोष आहेत त्यांना प्लाझ्माचा काडीचा उपयोग नाही.

कोठे वापर झाला आहे?

प्लाझ्माचे एक सख्खे भावंड म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत. त्यात यंत्रातून निघालेले इलेक्ट्रॉन थेट पाण्यावर सोडतात आणि पाण्यात तेच हायड्रॉक्सिल तयार होतात. दक्षिण कोरियातील देगू येथे कापड रंगविण्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्यासाठी २००५ मध्ये असा प्रकल्प उभा राहिला. दररोज १ कोटी लिटर पाणी आणि ४०० किलोवॅटचे यंत्र. हिशेब केला तर हजार लिटरला सुमारे १ युनिट वीज पडते. पण हे लक्षात घ्यावे की तेथे झोताने विष पूर्ण मोडत नाहीत. जिवाणूंना न पचणारा रंग झोताने अर्धवट तोडतात आणि उरलेले काम जिवाणूंच्या हौदात करून घेतात. चीनमध्ये झेजियांग प्रांतातील जिनहुआ येथे २०१७ मध्ये असाच प्रकल्प सुरू झाला. अमेरिकेत क्लार्कसन विद्यापीठातील संशोधकांनी ट्रेलरवर बसविलेले प्लाझ्माचे यंत्र २०१९ मध्ये ओहायो राज्यातील हवाई दलाच्या एका तळावर नेऊन, आग विझविण्याच्या फेसातून भूजलात उतरलेल्या फ्लोरीनयुक्त रसायनांवर चालविले. ही रसायने मोडण्याच्या नेहमीच्या उपायांना सहसा दाद देत नाहीत, म्हणून तेथे खर्चाची तयारी होती.

आपल्याकडे प्लाझ्माच्या विविध उपयोगांवर गांधीनगर येथील प्लाझ्मा संशोधन संस्था काम करते. मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा येथे विजेऐवजी पाण्याच्या वेगाने हेच साधण्यावर बरेच काम झाले आहे. पाणी अरुंद छिद्रातून किंवा भोवऱ्यातून जोराने नेले की बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि फुटताना हायड्रॉक्सिल तयार होतात. उच्च दाबाची वीज हाताळावी लागत नाही, ही या पद्धतीची जमेची बाजू.

आसवनीच्या पाण्याचा हिशेब

ऊसपट्ट्यातील वाचकांसाठी येथे थोडे थांबू. मळीपासून १ लिटर मद्यार्क काढताना ८ ते १५ लिटर स्पेंट वॉश निघते. त्याची रासायनिक प्राणवायूची मागणी, म्हणजे त्यातील घाण जाळण्यास लागणारा प्राणवायू, लिटरला सुमारे १ लाख मिलिग्रॅम असते. म्हणजे हजार लिटरला १०० किलो. हवेपासून १ किलो ओझोन तयार करण्यास साधारण १५ ते २० युनिट वीज लागते. प्रत्येक किलो घाणीला निदान एक किलो ओझोन धरला तरी हजार लिटरला दीड हजार युनिटच्या पुढे आकडा जातो. प्लाझ्मा याहून स्वस्त पडेल असे मानण्यास आधार नाही. कोणताही कारखाना हे परवडवून घेणार नाही.

म्हणून कच्चे स्पेंट वॉश विजेने शुद्ध करण्याची भाषा कोणी केली तर ती मनावर घेऊ नये. त्यातील मोठा भाग हवाबंद टाकीत जिवाणूंना खाऊ घालून मिथेन वायू काढणे हेच शहाणपणाचे. तेथे ऊर्जा खर्च न होता उलट मिळते. त्यानंतर उरतो तो तपकिरी रंग. काहिलीत रस आटवताना गुळाला जो रंग चढतो त्याच जातीची ही द्रव्ये, मेलॅनॉइडिन. जिवाणूंना ती पचत नाहीत, आणि नाल्यात गेली तर पाणी दूरवर काळे दिसते. या शेवटच्या टप्प्यासाठी प्लाझ्मा, ओझोन आणि बुडबुड्यांच्या पद्धतीचे प्रयोग झाले आहेत. आसवन्यांना आता सांडपाणी बाहेर न सोडण्याचे बंधन आहे. ते आटवून जाळणे किंवा प्रेसमडबरोबर कंपोस्ट करणे हे प्रचलित मार्ग आहेत. तेव्हा आपल्या शिवारातील विहिरीचे पाणी तपकिरी झाले असेल, तर विहिरीवर यंत्र शोधण्याआधी नमुना आणि तारखेसह लेखी तक्रार महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे करावी. पाणी बाहेर येते त्या तोंडाशी ते थोडे आणि दाट असते. जमिनीत मुरून चार विहिरींत पसरल्यावर तेच कोट्यवधी लिटर होते.

आता आपल्या विहिरीचा हिशेब

२० फूट व्यासाच्या विहिरीत १० फूट पाणी असेल तर ते सुमारे ८९ हजार लिटर भरते. पाण्यातील कीटकनाशक मोडण्यास लागणाऱ्या विजेचे प्रयोगांतील आकडे हजार लिटरला १ युनिटपासून शेकडो युनिटपर्यंत पसरलेले आहेत. आपण हिशेबासाठी २० धरू. विहीर एकदा स्वच्छ करण्यास १,७८० युनिट लागतील. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला सुमारे ४ युनिट घेतो. म्हणजे पंप ४४५ तास चालविण्याइतकी वीज झाली. आणि रात्रीतून झऱ्याने नवे पाणी आले की हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

हे झाले विष काढण्याचे. विष जाते कसे, तेही पाहा. अनेक वर्षे कपाशीवर सर्रास वापरल्या गेलेल्या मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के या औषधाचे उदाहरण घेऊ. लिटरला २ मि.लि. या प्रमाणात केलेले द्रावण फवारणीनंतर पंपाच्या तळाशी पाव लिटर उरले, तर त्यात सुमारे १८० मिलिग्रॅम विष असते. पंप विहिरीच्या कठड्यावर धुतला आणि ते पाणी आत गेले, तर ८९ हजार लिटर पाण्यात मिसळूनही लिटरला २ मायक्रोग्रॅम होते. मायक्रोग्रॅम म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग. भारतीय मानकाने पिण्याच्या पाण्यात या औषधाची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम ठेवली आहे. एकदा पंप धुतला आणि सगळी विहीर मर्यादेच्या दुप्पट झाली. काही दिवसांनी, काही महिन्यांनी ते आपोआप मोडत जाते हे खरे. पण तोपर्यंत तेच पाणी घरच्या रांजणात आणि जनावरांच्या हौदात जात असते. (आपण त्याला औषध म्हणतो, पिकावर ते औषध असेल, विहिरीत नाही.)

एका बाजूला पाव लिटर, दुसऱ्या बाजूला १,७८० युनिट. थंड प्लाझ्मा विहिरीवर का नाही, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे.

आणखी दोन अडथळे आहेत. आपल्याकडील काळ्या खडकातील विहिरींचे पाणी जड असते, त्यात बायकार्बोनेट भरपूर असते. हायड्रॉक्सिल विषापर्यंत पोहोचण्याआधीच बायकार्बोनेट त्याला गिळून टाकतो. प्रयोगशाळेतील शुद्ध पाण्यात यंत्र जो गुण दाखवते तो विहिरीच्या पाण्यात दाखवत नाही, याचे हे एक कारण.

दुसरा अडथळा अधिक गंभीर आहे. क्लोरपायरीफॉस, मॅलॅथिऑन यांसारख्या गंधक असलेल्या स्फुरदयुक्त कीटकनाशकांवर पहिला घाव बसला की गंधकाच्या जागी प्राणवायू येतो. त्या नव्या द्रव्याला ऑक्सॉन म्हणतात आणि ते मज्जासंस्थेला मूळ औषधापेक्षा जास्त घातक असते. काम पुढे चालू राहिले तर तेही मोडते. पण यंत्र छोटे असेल, पाणी जोरात सोडले असेल किंवा मध्येच भारनियमन आले, तर बाहेर येणाऱ्या पाण्यात अर्धवट मोडलेले विष असू शकते. दिसायला पाणी स्वच्छ, वास गेलेला आणि धोका वाढलेला. रंग किंवा वास गेला यावरून पाणी शुद्ध झाले असे कधीही समजू नये.

विक्रेत्याला काय विचारावे?

प्रदर्शनात कोणी यंत्र दाखविले तर ते निळ्या किंवा लाल शाईचे पाणी पांढरे करून दाखविण्याचा संभव अधिक. ते पाहावे आणि मग विचारावे : माझ्याच विहिरीच्या पाण्यावर चाचणी केली आहे काय? हजार लिटरला किती युनिट लागतात? यंत्रात जाण्यापूर्वीचे आणि नंतरचे पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासले काय, आणि त्या तपासणीत एकूण सेंद्रिय कर्ब किती उतरला? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. औषधाचे नाव अहवालातून गेले पण कर्ब तेवढाच राहिला, तर विषाने फक्त रूप बदलले आहे.

असे यंत्र घरी जोडण्याचा प्रयत्न मात्र करू नये. काही हजार व्होल्ट आणि पाणी यांची संगत जिवावर बेतते. शिवाय त्यातून निघणारा ओझोन फुप्फुसाला घातक असतो. बंद खोलीत तर अधिकच.

पिण्यासाठी घरात रोज वीस-पंचवीस लिटरच पाणी लागते. त्यात कीटकनाशकाची शंका असेल तर सक्रिय कोळशाची गाळणी बरेचसे विष धरून ठेवते आणि तिला वीज लागत नाही. मात्र तो कोळसा ठरल्या वेळी बदलावाच लागतो. भरून गेलेला कोळसा काही धरत नाही. नायट्रेट व फ्लोराइडसाठी कोळसा उपयोगाचा नाही.

पंप धुतलेले पाणी कोठे टाकावे?

उरलेले द्रावण आणि तीन वेळा धुतलेले पाणी त्याच पिकावर फवारून टाकावे, हे उत्तम. तरीही औषध मिसळण्याच्या जागी काही सांडतेच. त्यासाठी स्वीडनमध्ये १९९३ पासून एक साधी युक्ती वापरात आली. दोन फूट खोल खड्डा घ्यायचा. तळाशी चार बोटे चिकण मातीचा थर चोपून बसवायचा. वर दोन भाग बारीक केलेले काड, एक भाग शेतातील माती आणि एक भाग पीट यांचे मिश्रण भरायचे व वर गवत वाढू द्यायचे. पीट आपल्याकडे मिळत नाही, त्याऐवजी चांगले कुजलेले कंपोस्ट घेता येते. काडाचे म्हणाल तर टंचाईच्या जिल्ह्यात कडबा खड्ड्यात घाला असे सांगणे बरे दिसणार नाही. गव्हाचे काड किंवा जनावरे खात नाहीत ते पाचट पुरते.

या काडावर वाढणाऱ्या बुरशा लाकडातील चिवट लिग्निन तोडण्यासाठी जी विकरे सोडतात, तीच कीटकनाशकेही तोडतात. तोडण्याची रीत प्लाझ्माशी पुष्कळशी मिळतीजुळती. फक्त प्लाझ्माला जे क्षणात साधते त्याला येथे काही आठवडे लागतात, आणि वीज लागत नाही. खड्डा विहिरीपासून शक्य तितका दूर व उताराच्या खालच्या अंगाला असावा. पावसाळ्यात वर छप्पर करावे, नाहीतर तो भरून वाहील. मिश्रण ओलसर राहू द्यावे. काड खचत जाते, दरवर्षी नवे घालावे. ताम्रयुक्त बुरशीनाशकाचे पाणी त्यात टाकू नये. तांबे मोडत नाही आणि बुरशीच मारते.

पाणी तपासताना

नायट्रेट, फ्लोराइड व क्षार यांची तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत होते. नमुना कसा घ्यावा आणि अहवाल कसा वाचावा, याबाबत खामगाव (ता. गेवराई) किंवा अंबाजोगाई येथील कृषी विज्ञान केंद्रात विचारावे. कीटकनाशकांच्या अंशाची तपासणी वेगळी असते, तिला महागडी उपकरणे लागतात आणि ती सर्वसाधारण प्रयोगशाळेत होत नाही. म्हणून प्रयोगशाळेत जाताना कोणती औषधे, कोणत्या महिन्यात, विहिरीपासून किती अंतरावर फवारली याची यादी बरोबर न्यावी. ‘सगळे तपासा’ असे सांगितले तर खर्च वाढतो आणि नेमके हवे ते राहून जाते. या तपासणीसाठी नमुना प्लॅस्टिकच्या नव्हे तर गडद रंगाच्या काचेच्या स्वच्छ बाटलीत घ्यावा. औषधाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी चालत नाही. पंप दहा मिनिटे चालू ठेवून मग बाटली काठोकाठ भरावी, बर्फात ठेवावी आणि त्याच दिवशी पोहोचती करावी.